उन्हाचे बिल कोण भरते?

बालेवाडीच्या क्रीडासंकुलावरून पुढे महाळुंग्यात शिरले की दोन तऱ्हेची छते दिसतात. गावठाणातली घरे, प्लॉटवरचे बंगले आणि रो हाउस यांच्या छतांवर लोखंडी सांगाडे चढलेले आणि त्यांवर दक्षिणेकडे तोंड करून बसलेली सोलर पॅनेल. शेजारी वीस-बावीस मजली टॉवर. त्यांच्या गच्चीवर काय आहे ते रस्त्यावरून दिसत नाही, पण अंदाज सोपा आहे: पाण्याच्या टाक्या, अग्निशमनाची टाकी, लिफ्टची खोली, बांधकाम परवानगीसाठी बसवलेले सौर बंब आणि उरलीच तर थोडी जागा. 2021 साली पुणे महापालिकेत गेलेल्या, तरी तालुका मुळशीच असलेल्या या गावात अपारंपरिक ऊर्जेच्या सरकारी अनुदानाचा सगळा हिशेब या दोन छतांवरून मांडता येतो.

आधी समोर दिसणारे अनुदान. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेसाठी केंद्राने 75,021 कोटी रुपयांची तरतूद केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, मुदत 2026-27 पर्यंत. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त 78,000. पैसे थेट बँक खात्यात येतात. यावर टीका करणारे 75 हजार कोटींच्या आकड्याकडे बोट दाखवतात, समर्थन करणारे एक कोटी घरांकडे. दोघांची नजर अर्थसंकल्पावर खिळलेली आहे. माझ्या मते खरा खर्च अर्थसंकल्पात नाहीच, तो वीजबिलात आहे.

महाळुंग्यातला एक बंगला घेऊ. दोन एसी, गीझर, महिन्याला 500 युनिट वापर. महावितरणचे 2024-25 चे घरगुती दर असे होते: पहिल्या 100 युनिटना 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55, त्यापुढे 16.64. शिवाय प्रत्येक युनिटमागे 1.17 रुपये वहन आकार आणि वर 16 टक्के वीज शुल्क. तीन किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 12 युनिट देते, महिन्याला 360. नेट मीटर लागला की ही 360 युनिट एकूण वापरातून वजा होतात आणि बिल उरते 140 युनिटचे. वजाबाकी वरच्या टोकाकडून होते, ही यातली मेख. 15.72 रुपयांची 200 युनिट गेली आणि 11.46 रुपयांची 160. मालकाचे वाचले सुमारे 4,980 रुपये, वीज शुल्क धरले तर 5,770.

आता महावितरणच्या बाजूने पाहू. तिचे 4,980 रुपयांचे उत्पन्न गेले आणि 360 युनिट वीज विकत घेणे वाचले. भर दुपारची सौर वीज तिला हल्ली तीन रुपयांच्या आसपास मिळते, म्हणजे वाचले 1,080. उदार मनाने पाच रुपयांचा भाव धरला तरी 1,800. महिन्याची तूट 3,200 ते 3,900 रुपये, वर्षाची 38 ते 47 हजार. केंद्राने एकदाच दिलेल्या 78,000 रुपयांना ही तूट दोन वर्षांत गाठते, आणि पॅनेलचे आयुष्य 25 वर्षांचे सांगतात. दर बदलतील, स्लॅब बदलतील, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण मोठे अनुदान न दिसणारे आहे, हा निष्कर्ष बदलत नाही.

बंगल्याचा मालक यावर म्हणेल की हे अनुदान कसले, मी तर फक्त जास्तीचे पैसे देणे बंद केले. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. 15 रुपयांचा युनिट हा विजेचा खर्च नव्हेच. त्यात छोट्या घरांच्या स्वस्त विजेचा आणि शेतीपंपांच्या विजेचा वाटा भरलेला आहे. वीजक्षेत्रात याला क्रॉस सबसिडी म्हणतात. पॅनेल बसवणारा त्या वर्गणीतून बाहेर पडतो, एवढेच. मात्र वर्गणीदार कमी झाले तरी गणपती तेवढ्याच थाटात बसवायचा असतो. महावितरणच्या तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, पगार आणि जुने औष्णिक करार यांचा खर्च उन्हामुळे एक रुपयानेही घटत नाही. तो उरलेल्यांवर वाटला जातो. आणि संध्याकाळी सात वाजता एसी लावताना बंगलाही त्याच तारांवर असतो.

पॅनेलवाल्यांच्या बाजूने खरोखर वजनदार मुद्दे दोन आहेत. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, त्यामुळे गळती वाचते. दुसरे, दोन-अडीच लाखांपैकी निम्म्याहून जास्त पैसे तो स्वतःच्या खिशातून घालतो. तेवढे भांडवल उभे करायची ताकद महावितरणकडे नाही. म्हणून नेट मीटर सुरुवातीला द्यायलाच हवा होता. सवलत कुठे थांबायची हे आधी ठरवून ठेवणे, हा कठीण भाग.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ते ठरवलेही. राज्यातली छतावरची सौर क्षमता 5,000 मेगावॉट होईपर्यंत ग्रीड सहाय्य आकार, म्हणजे सौर ग्राहकाने ग्रीड वापरल्याबद्दलचा आकार, लावायचा नाही. 2025 च्या बहुवर्षीय दरप्रस्तावात महावितरणने वेगळी वाट धरली: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांत तयार झालेली वीज त्याच तासांतल्या वापरातून वजा करावी. तसे झाले तर वरच्या बंगल्याची बचत निम्म्यावर येईल, कारण दुपारी घरी असतोच कोण? सोलर बसवणाऱ्या व्यावसायिकांनी आणि ग्राहक संघटनांनी सुनावण्यांत हरकतींचा पाऊस पाडला. आयोगाचा आदेश 28 मार्च 2025 ला आला. महावितरणने स्वतःच त्यावर फेरविचार मागितला, 25 जूनला सुधारित आदेश निघाला आणि पुढे वाद न्यायालयात गेला. या सगळ्या धुमाळीत घरगुती ग्राहकाला एक गोष्ट मात्र कळली. दिवसा वापरलेली वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, या दिशेने दर चालले आहेत. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या युनिटला 80 पैसे ते 1 रुपया सूट, हा त्याचाच भाग.

टॉवरच्या छताचे गणित निराळे आहे. बावीस मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे 88 घरे. मोकळ्या गच्चीवर फार तर 50-60 किलोवॉट बसतील, दर घरामागे पाऊण किलोवॉटही नाही. ही वीज सहसा सोसायटीच्या सामायिक मीटरला जोडतात: लिफ्ट, पार्किंगचे दिवे, सांडपाणी प्रक्रिया आणि पाण्याचे पंप. या पट्ट्यात टँकरचे पाणी खालच्या टाकीत उतरवून वर चढवावे लागते, त्यामुळे पंपांचे बिल भरमसाट. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला अनुदान आहे किलोवॉटला 18,000. बंगल्याच्या पहिल्या किलोवॉटला 30,000. जमीन कमी वापरून दाटीने राहणाऱ्याला कमी आणि ऐसपैस राहणाऱ्याला जास्त, असा हा उफराटा न्याय. वर सर्वसाधारण सभेत मंजुरी, बिल्डरने अडवून ठेवलेले गच्चीचे हक्क आणि पहिल्या मजल्यावरच्यांचा तो ठरलेला प्रश्न: लिफ्टच्या बिलाशी आमचा काय संबंध?

या दोन्ही छतांखाली नसलेला तिसरा माणूस म्हणजे भाडेकरू. हिंजवडीला नोकरी करणारी, दोन खोल्यांत तिघे राहणारी मुले, बांधकामावरचे मजूर, घरकामाला जाणाऱ्या बायका. यांचा वापर महिन्याला 90 युनिट धरला तर दर पडतो शुल्कासह पावणेसात-सात रुपये. छत यांचे नाही, सबब अनुदानही नाही, पण बंगल्याच्या नेट मीटरमुळे पडलेल्या तुटीचा वाटा यांच्या दरात येतो. यांच्यातल्या एखाद्याचे स्वतःचे छत असते तरी एका किलोवॉटने महिन्याला वाचले असते सहाशे रुपये. बंगल्याच्या नवव्या हिश्श्याइतके.

राज्य सरकारने या दिशेने एक पाऊल टाकले आहे, ते नोंदवायला हवे. 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्मार्ट योजनेत, म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजनेत, महिन्याला 100 युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना एक किलोवॉटचा संच मिळतो. सुमारे 50,000 च्या खर्चात केंद्राचे 30,000, राज्याचे 17,500 आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचे स्वतःचे फक्त 2,500. पाच लाख घरे, 655 कोटी रुपये. हेतू चांगला आहे आणि महावितरणचा फायदाही आहे, कारण स्वस्त स्लॅबमधला ग्राहक कमी झाला की तिचा तोटा कमी होतो. तरी छत लागतेच. भाडेकरू इथेही बाहेर.

अपारंपरिक ऊर्जेला सरकारी पैसा देण्याची महाराष्ट्राला सवय जुनी आहे. त्या इतिहासात आजच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे पडून आहेत, फक्त कुणी उचलत नाही. गोबर गॅसपासूनच पाहा. 1981-82 पासून केंद्राच्या योजनेत राज्यात नऊ लाखांवर संयंत्रे कागदोपत्री उभी राहिली, देशात सर्वाधिक. अनुदान टाकी बांधण्याला होते, गॅस पेटण्याला नव्हते. गुरे विकली गेली, घुमटाला तडे गेले आणि कित्येक टाक्या परसात कोरड्या पडल्या.

पवनचक्क्यांची कहाणी याच चालीवर, फक्त रकमा मोठ्या. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर नव्वदीच्या अखेरीस आणि दोन हजारच्या सुरुवातीला जी पाती फिरू लागली, ती वाऱ्याइतकीच आयकर कायद्याच्या जोरावर फिरत होती. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा दाखवता येत असे. पाच कोटींची चक्की घेतली आणि कर 35 टक्के असला, तर त्या वर्षीचा पावणेदोन कोटींचा कर पुढे ढकलला गेला. वर राज्याची विक्रीकरातली सवलत. साहजिकच वाहन कंपन्यांपासून सोन्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांना अचानक वाऱ्याचे प्रेम वाटू लागले. चक्की 31 मार्चच्या आत उभी राहिली म्हणजे काम झाले, एप्रिलनंतर किती युनिट निघतात याची फिकीर कमी. घसारा 2002 मध्ये 80 टक्क्यांवर आला, 2012 ला पवनचक्क्यांसाठी थांबला, 2014 ला परत आला आणि 2017 पासून 40 टक्के झाला. मध्यंतरी 2009 च्या शेवटी केंद्राने तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे 50 पैसे देऊन पाहिले. हा प्रकार अधिक शहाणपणाचा होता. त्याच पैशात वीज मिळते, नुसती चक्की नव्हे.

पवनऊर्जेचा दरही आठवावा असा आहे. आयोगाच्या 2003 च्या आदेशात पहिल्या वर्षी युनिटला 3.50 रुपये आणि दर वर्षी 15 पैशांची वाढ, 13 वर्षे. तेराव्या वर्षी दर होतो 5.30. फेब्रुवारी 2017 मध्ये देशात पवनऊर्जेचा पहिला लिलाव झाला, दर निघाला 3.46, आणि वर्ष संपायच्या आत गुजरातेत 2.43. म्हणजे जुने करार चढत्या भाजणीने महाग होत होते आणि बाजार उतरत होता. त्या फरकाचे पैसे पुन्हा बिलातूनच गेले.

सौरऊर्जेत ही घसरण डोळे फिरवणारी आहे. 2010-11 साठी केंद्रीय आयोगाने ठरवलेला दर 17.91 रुपये होता. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला, तेव्हा तो राज्याचे भूषण होता आणि महागही होता. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेतल्या लिलावात 1.99 ची बोली आली. दहा वर्षांत नववा हिस्सा.

इथे अनुदानविरोधकांना थांबवून एक गोष्ट विचारावी लागते: हे स्वस्त कोणामुळे झाले? जर्मनीने 2000 च्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षांचा चढा दर दिला आणि तो अधिभार घरगुती ग्राहकांकडून वसूल केला. 2014 साली तो युनिटला 6.24 सेंट होता, आपल्या त्या वेळच्या पैशांत पाच रुपये. मोठ्या कारखान्यांना त्यातून सूट, भार किराणा दुकानदारावर आणि पेन्शनरवर. 2022 मध्ये तो बिलातून काढून सरकारी तिजोरीवर टाकला गेला. स्पेनने तर इतका दर कबूल केला की वीजव्यवस्थेवर हजारो कोटी युरोंचे देणे साचले आणि 2013 मध्ये सरकारने दिलेला शब्द फिरवला. त्या मंडळींना ते महागात पडले, पण त्यांच्या मागणीवर चीनचे कारखाने वाढले आणि पॅनेल स्वस्त झाले. साक्रीच्या दहा वर्षांनी आलेल्या प्रकल्पांना त्या पैशाचे फळ मिळाले. आपण उशिरा उडी घेतली ते बरेच झाले. मात्र जो माल बाजारात आता स्वस्त आहे त्यालाही नवशिक्याचे अनुदान किती काळ द्यायचे, हा प्रश्न मग आपल्याला लागू होतो, जर्मनांना नव्हे.

त्यातही आपल्याकडे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याची रीत आहे. एप्रिल 2022 पासून परदेशी पॅनेलवर 40 टक्के आणि सेलवर 25 टक्के सीमाशुल्क लागले. देशी कारखान्यांसाठी उत्पादनाशी निगडित 24,000 कोटींचे प्रोत्साहन आले. सूर्यघरच्या अनुदानासाठी सेलसह सगळे देशी बनावटीचे असण्याची अट आहे आणि असे पॅनेल महाग मिळते. तेव्हा 78,000 पैकी एक वाटा घरमालकाच्या हाती पोचण्याआधीच कारखानदाराकडे वळतो. देशात कारखाने असावेत, सगळे चीनवर अवलंबून ठेवणे धोक्याचे, हे मान्य. मग तो खर्च उद्योग धोरणाच्या खात्यावर मांडावा, घरगुती ग्राहकाच्या भल्याच्या नावावर कशाला? सप्टेंबर 2025 मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के केला, त्याने थोडा दिलासा मिळाला.

महाराष्ट्रातला सर्वात मोठा सौर पैसा मात्र छतावर नाही, शेतात आहे. आणि आकडे मांडल्यावर माझे मत शेतीच्या बाजूने झुकते, हे आधीच सांगून टाकतो. जुलै 2024 मध्ये सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षे मोफत केली. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी. पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये. हा खर्च सौरऊर्जेचा नाही, पण सौरऊर्जेने तो कमी होऊ शकतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी सुरुवात झाली आणि बराच काळ रेंगाळली. 2023 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिचे लक्ष्य 16,000 मेगावॉटवर गेले. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प त्यातला पहिला, 2024 चा. कल्पना सरळ आहे: उपकेंद्राजवळ दोन-दहा मेगावॉटचा प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची. शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळते, रात्री साप-विंचवाच्या भीतीत दारे धरावी लागत नाहीत. महावितरणला तीन रुपयांच्या आसपास वीज मिळते आणि लांबून आणण्याची गळती टळते. पुण्याच्याच प्रयास ऊर्जा गटाने या फीडरच्या कल्पनेचा कितीतरी आधी पाठपुरावा केला होता.

याच्या शेजारी दुसरी योजना ठेवून पाहा: मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के, बाकी केंद्र आणि राज्य देते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, पुढे साडेसात. जिथे तार पोचलीच नाही तिथे हा पंप वरदान आहे, शंकाच नाही. पण पाच अश्वशक्तीच्या पंपावर 4,800 वॉटचे पॅनेल असते आणि ते महाळुंग्यातल्या त्या बंगल्याच्या पॅनेलपेक्षा मोठे आहे. पावसाळ्यात पंप बंद, पीक काढल्यावर बंद, विहीर आटली की बंद. तेव्हा तयार होऊ शकणारी वीज कुठेच जात नाही, कारण पंप ग्रीडला जोडलेला नाही. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज शेतीला नको असेल तेव्हा गावाला, कारखान्याला जाते. 90 टक्के सरकारी पैसा घातलेले पॅनेल वर्षातले कित्येक महिने नुसते ऊन खात बसते, ही चैन कोणत्याही राज्याला परवडणारी नाही. आणि पाणी उपसायला पैसा लागत नाही म्हटल्यावर बोअर किती खोल जाईल, याचा हिशेब भूजल खात्याशिवाय कुणी करत नाही.

पैसा येतो कुठून? सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने औद्योगिक, वाणिज्यिक आणि इतर ग्राहकांच्या विजेवर युनिटला 9.90 पैसे जादा वीज विक्री कर लावायचे ठरवले, सौर कृषी पंपांच्या राज्यहिश्श्यासाठी. दहा पैसे ऐकायला क्षुल्लक. पण महाराष्ट्रातल्या कारखान्यांची वीज आधीच महाग, आणि त्यांच्याकडे पळवाट आहे. 2003 च्या वीज कायद्यानुसार स्वतःच्या वापराच्या प्रकल्पात 26 टक्के मालकी असली आणि निम्म्याहून जास्त वीज स्वतः वापरली की क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. 2022 च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी, म्हणजे वितरण कंपनीऐवजी बाहेरून हरित वीज घेण्याच्या नियमांनी, एक मेगावॉटची अट 100 किलोवॉटवर आणली. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्या सोलापूर-धाराशिवच्या उन्हावर वातानुकूलन चालवू शकतात. पुन्हा तेच: ज्याला बाहेर पडता येते तो पडतो, भार उरलेल्यांवर. त्यातच आंतरराज्य पारेषणाचे शुल्क 30 जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना 25 वर्षे माफ आहे. राजस्थानातून तार टाकायचा खर्च काही माफ झालेला नाही. तो राज्यांच्या वीज कंपन्यांत वाटला जातो आणि महाराष्ट्रासारख्या मोठ्या ग्राहकाच्या वाट्याला मोठाच येतो.

जमिनीचेही अनुदान असते. ते रुपयांत मोजत नाहीत, म्हणून विसरले जाते. मुळशी तालुक्याला ते शिकवायला नको. महाळुंग्याला वळसा घालून जाणारी मुळा नदी वर मुळशीला अडवलेली आहे. तिचे पाणी घाटाखाली भिऱ्याला पाडून वीज करतात आणि ते कुंडलिकेतून समुद्राला जाते. जलविद्युत म्हणजे स्वच्छ ऊर्जाच की. तिच्यासाठी टाटा कंपनीला जमीन मिळवून द्यायला ब्रिटिश सरकारने 1894 चा भूसंपादन कायदा वापरला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पन्नासएक गावांच्या भातखाचरांचा मोबदला ठरला, पण बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण होत्या, तेव्हा पैसे कुणाच्या हाती गेले ते वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळाली. बाजारभावाने, राजीखुशीने जमीन घ्यावी लागली असती तर तो दर तेवढा राहिला असता का?

आजच्या सौर वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आणि दर वर्षी तीन टक्के वाढ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पीक परवडते. सरकारी जमीन मात्र नाममात्र एक रुपयाने दिली जाते. सरकारी जमीन म्हणजे अनेक गावांत गायरान. तिथे शेळ्या चरतात, भूमिहीन पिढ्यान्पिढ्या कसतात. मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर 16,000 मेगावॉटला चौसष्ट ते ऐंशी हजार एकर लागणार. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणारे 15 लाख हा मोबदला गावाचा, शेळीवाल्याचा नव्हे.

एवढे खर्च सांगितल्यावर कोळशाचा खर्च न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या केंद्राभोवती राहणाऱ्यांची फुप्फुसे कोणत्याही दरपत्रकात नाहीत. 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. हेतू होता स्वच्छ ऊर्जेसाठी निधीचा, पण पुढे हा उपकर जीएसटी भरपाईत विरघळला. राखेचा, आजारांचा आणि तापमानवाढीचा भुर्दंड कोळशाला खरोखर लावला असता, तर सौरऊर्जेला इतके अनुदान द्यावेच लागले नसते. महागाचे महागपण लपवायचे आणि मग स्वस्ताला अनुदान द्यायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे.

यापुढे पैसा कुठे घालावा, याचे उत्तर घड्याळात आहे. वीजबाजारात उन्हाच्या वेळी युनिट दोन-तीन रुपयांना मिळते आणि संध्याकाळी 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकते. अशा वेळी दुपारच्या आणखी एका युनिटला अनुदान देणे म्हणजे आडाला पाणी असताना पोहऱ्याला पैसे देण्यासारखे आहे. कमतरता आहे ती साठवणीची. भिऱ्यालाच 150 मेगावॉटचा संच खालचे पाणी परत वर चढवू शकतो. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. टाटा पॉवरने 2023 मध्ये भिवपुरी आणि शिरवता मिळून 2,800 मेगावॉटचा करार राज्याशी केला. सह्याद्रीचा कडा ही आपल्याला मिळालेली बॅटरी आहे. तिच्यावरही उद्या अनुदान मागितले जाईल आणि ते देणे मला दुपारच्या पॅनेलपेक्षा जास्त पटते, फक्त पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचा भाव या खेपेला आधी ठरावा.

छताच्या बाबतीत निर्णय फार लांब नाही. सूर्यघरची मुदत 2026-27 ला संपते आणि राज्याची छतावरची क्षमता 5,000 मेगावॉटकडे सरकते आहे. तो आकडा गाठला की ग्रीड सहाय्य आकाराचा विषय आयोगापुढे परत येईल. आयोगाच्या 2019 च्या नियमांत 10 किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्या ग्राहकांना या आकारातून वगळले आहे. म्हणजे नियम आहे तसाच राहिला, तर तीन किलोवॉटच्या बंगल्याला काही लागणार नाही आणि लिफ्ट व पंपांसाठी 40 किलोवॉट बसवलेल्या टॉवरला लागेल. ही कलमे उलटी करायला आयोगाला नवा कायदा नको, एक दुरुस्ती पुरते. पण सुनावणीत ती मागायला सोसायट्यांचे पदाधिकारी गेले पाहिजेत.